कर्नेल कोसळल्यावर डंप कुठे जाऊन पडतो

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका पहाटे पावणेचारला माझा फोन वाजला. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील ज्या टॉवेल कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो, तिथल्या रातपाळीच्या सुपरवायझर अण्णांचा तो फोन होता. "सर, मशीन अडकलं होतं. पडद्यावर इंग्रजीत कायतरी पळत होतं बघा, मग मीच बटण दाबून बंद-चालू केलं की." मागांवरील मोजणी यंत्रांचे आकडे, पाळीनुसार उत्पादन, सुताचा साठा आणि कामगारांची हजेरी हे सारे त्या एकाच सर्व्हरवर असल्यामुळे तो पुन्हा चालू झाला याचे अण्णांना समाधान होते, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही झाले असते. मी मात्र सकाळी जाऊन पाहिले तेव्हा /व्हार/क्रॅश या फोल्डरात एकच अर्धवट फाइल होती आणि तिच्या नावातच 'इनकम्प्लीट' असे लिहिलेले होते.

सर्व्हरवर अल्मालिनक्स ८ ही रेड हॅटच्या लिनक्सशी जुळणारी प्रणाली आहे. कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, कोसळला की त्या क्षणीच्या मेमरीची प्रत, म्हणजेच डंप, फाइलमध्ये उतरवून ठेवणारी केडंप ही सेवा मी सुरुवातीपासून चालू ठेवली होती. ती चालू आहे म्हणजे काम झाले, असेच मी इतके दिवस धरून चाललो होतो. डंप नेमका कुठे लिहिला जातो, तिथे जागा किती आहे आणि लिहिण्याच्या क्षणी त्या जागेपर्यंत पोहोचणारे कोण आहे, हे तीन प्रश्न मी स्वतःला कधीच विचारले नव्हते. हा लेख त्या तीन प्रश्नांविषयी आहे. फाइलींची आणि कमांडची नावे मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्ष टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत करावी लागतील.

आधी हे पाहू की ही जागा ठरवणे इतके अवघड का असते. एखादा साधा प्रोग्रॅम कोसळला तर त्याच्या मेमरीची प्रत डिस्कवर उतरवण्याचे काम कर्नेल करतो. पण कर्नेलच कोसळला तर ते काम करायला उरतेच कोण? डिस्कचा ड्रायव्हर, फाइल सिस्टीम, नेटवर्क हे सगळे त्याच कर्नेलचे भाग असतात आणि त्यांतील कोणता भाग बिघडला आहे हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसते. बिघडलेल्या कर्नेलच्या हाती डिस्कवर लिहिण्याचे काम सोपवले तर तो चुकीच्या जागी लिहून चांगला डेटाही खराब करू शकतो.

या अडचणीतून वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमनी वेगवेगळे मार्ग काढले आहेत. विंडोज मेमरीतील मजकूर आधी पेजफाइलसाठी राखलेल्या जागेत उतरवते आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू झाले की तो मेमरी.डीएमपी या फाइलमध्ये आणून ठेवते. फ्रीबीएसडीचा मार्गही याच जातीचा आहे: कोसळताना स्वॅप पार्टिशनवर लिहायचे आणि पुन्हा सुरू होताना सेव्हकोर या प्रोग्रॅमने तिथून उचलून /व्हार/क्रॅशमध्ये ठेवायचे. लिनक्सने मात्र कोसळलेल्या कर्नेलवर भरवसा ठेवायचाच नाही असे ठरवले. ऑगस्ट २००५ मध्ये आलेल्या २.६.१३ या आवृत्तीपासून केएक्सेक आणि केडंप मूळ कर्नेलमध्ये आले. त्यांत यंत्र सुरू होतानाच मेमरीचा एक तुकडा बाजूला राखून ठेवला जातो आणि त्यात एक दुसरा छोटा कर्नेल आधीच भरून ठेवलेला असतो. पहिला कोसळला की बायोसपर्यंत न जाता थेट हा दुसरा कर्नेल सुरू होतो. तो स्वतःपुरत्या राखीव तुकड्यातच राहतो, त्यामुळे पहिल्याची मेमरी जशीच्या तशी शाबूत राहते आणि ती त्याला /प्रॉक/व्हीएमकोर या नावाच्या एका मोठ्या फाइलसारखी दिसते. ती फाइल उचलून ठरलेल्या जागी ठेवायची आणि यंत्र रीबूट करायचे, एवढेच त्याचे काम.

म्हणूनच 'डंप कुठे ठेवायचा' या प्रश्नाचा खरा अर्थ 'त्या दुसऱ्या कर्नेलला कुठवर पोहोचता येईल' असा आहे. रोजच्या कामात आपल्याला दिसणारी डिस्क, नेटवर्कचा दुसरा संगणक, कुलूपबंद केलेले पार्टिशन यांतले काहीही त्याला आपोआप मिळत नाही. त्याच्यासोबत एक लहानशी शिदोरी बांधून दिलेली असते आणि ठरलेल्या जागेपर्यंत जायला जेवढे ड्रायव्हर लागतात तेवढेच तिच्यात भरलेले असतात. जागा बदलली की शिदोरी नव्याने बांधावी लागते. सेवा रीस्टार्ट केली की केडंप हे काम स्वतः करते, पण ती रीस्टार्ट करायची आठवण आपल्यालाच ठेवावी लागते.

आता पुन्हा त्या अर्धवट फाइलीकडे येतो. अण्णांनी बटण दाबले म्हणून लेखन मध्येच तुटले, असे मी मनाशी पक्के केले आणि तिथेच थांबलो. अण्णांनी पडद्यावर जे पळताना पाहिले ते बहुधा डंप किती टक्के उतरला याचेच आकडे असावेत. तीन आठवड्यांनी सर्व्हर पुन्हा कोसळला, तोही दिवसा, माझ्या डोळ्यांदेखत. या वेळी बटणाला कोणीही हात लावला नाही. टक्के चाळिशीच्या आसपास गेले, मग डंप जतन करता आला नाही अशी ओळ आली आणि यंत्र आपणहून रीबूट झाले. फोल्डरात पुन्हा तीच 'इनकम्प्लीट' फाइल. डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी डीएफ ही कमांड चालवल्यावर कारण समोरच होते: /व्हार हे पार्टिशन १० जीबीचे होते, त्यातील बहुतेक जागा लॉग फाइलींनी खाल्लेली होती आणि उरलेली जागा या अर्धवट डंपाने भरून टाकली होती. म्हणजे तीन आठवडे मी मनातल्या मनात एका माणसाला दोष देत होतो आणि चूक माझ्या पार्टिशनच्या आखणीत होती. दुसऱ्या दिवशी अण्णांना भेटून मी ते सांगितलेही.

अर्धवट डंपाजवळ एक छोटी फाइल मात्र पूर्ण मिळाली होती. केडंप मुख्य डंपाला हात घालण्याआधी कर्नेलच्या शेवटच्या संदेशांची एक मजकूर फाइल वेगळी उतरवून ठेवते आणि ती व्यवस्था फार शहाणपणाची आहे. त्या संदेशांत कर्नेलच्या एका यादीतील दुवा बिघडल्याची तक्रार होती आणि त्याच ओळींत असा शिक्काही होता की या कर्नेलमध्ये बाहेरून आणलेले मॉड्यूल (कर्नेलला जोडलेला वेगळा भाग) भरलेले आहे. मागांवरील मोजणी यंत्रे ज्या मल्टिपोर्ट सीरियल कार्डाला जोडलेली आहेत, त्या कार्डाचा ड्रायव्हर आम्ही असाच बाहेरून घेतलेला होता. संशय तिकडे गेला, पण शिक्का म्हणजे पुरावा नव्हे. दुवा कोणी बिघडवला हे त्या मजकुरात नव्हते. ते मेमरीत होते, आणि ती मेमरी दोन्ही वेळा आमच्या हातून निसटली होती.

मग मी जागेचा प्रश्न नीट हाती घेतला. सगळी मांडणी /ईटीसी/केडंप.कॉन्फ या एका फाइलमध्ये असते. काहीच लिहिले नाही तर डंप /व्हार/क्रॅशमध्ये जातो. त्याऐवजी एखादे ठरावीक पार्टिशन, एनएफएसने नेटवर्कवर वाटलेले फोल्डर, एसएसएच या सुरक्षित जोडणीने गाठता येणारा दुसरा संगणक किंवा फाइल सिस्टीम नसलेले कोरे पार्टिशन, यांपैकी कोणतेही एक ठिकाण देता येते. एका वेळी एकच, दोन देता येत नाहीत. उबंटू आणि डेबियनमध्ये हेच काम /ईटीसी/डीफॉल्ट/केडंप-टूल्स या फाइलमधून होते आणि सुसेमध्ये /ईटीसी/सिसकॉन्फिग/केडंप मधून. नावे निराळी असली तरी विचार तोच करावा लागतो.

माझा पहिला ओढा दुसऱ्या संगणकाकडे होता. सर्व्हरच्या डिस्कचाच कंट्रोलर बिघडला तर त्याच डिस्कवर डंप लिहिता येणार नाही, म्हणून डंप यंत्राबाहेर जावा, हा युक्तिवाद बिनतोड आहे. कमांडही सोप्या आहेत: फाइलमध्ये संगणकाचा पत्ता लिहायचा, केडंपसीटीएलच्या प्रॉपगेट या उपकमांडने एसएसएचची किल्ली तिकडे पोहोचवायची आणि सेवा रीस्टार्ट करायची. पत्ता नावाने न लिहिता आयपी क्रमांकाने लिहिलेला बरा, कारण दुसऱ्या कर्नेलला नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा त्या वेळी मिळेलच असे नाही. शिवाय एसएसएचने पाठवलेला डंप सपाट रूपात जातो आणि वाचण्याआधी डंप तयार करणाऱ्या मेकडंपफाइल या प्रोग्रॅमच्या 'आर' या पर्यायाने त्याची पुन्हा जुळणी करावी लागते. हे ठाऊक नसेल तर हाती आलेला चांगला डंपही खराब वाटतो.

तरीही मी तो मार्ग घेतला नाही. आमच्या कारखान्यात सर्व्हरला यूपीएस आहे, पण दोन इमारतींच्या मधला नेटवर्क स्विच शेडमध्ये आहे आणि तिथे वीज गेली की तोही जातो. सर्व्हरची दोन नेटवर्क पोर्ट एकत्र बांधलेली असल्यामुळे दुसऱ्या कर्नेलला आधी ती जोडणी उभी करावी लागणार, त्यासाठी जास्त ड्रायव्हर आणि म्हणून राखीव मेमरीही जास्त लागणार. रात्री तीन वाजता, कोणी जाणते जवळ नसताना, इतक्या कड्यांची साखळी अखंड राहील यावर माझा विश्वास बसेना. ज्यांचे नेटवर्क भरवशाचे आहे आणि ज्यांच्याकडे अनेक सर्व्हर आहेत, त्यांनी सगळे डंप एकाच ठिकाणी पाठवणे नक्कीच योग्य ठरेल. माझ्याकडे सर्व्हर एकच होता.

कूटबद्ध पार्टिशनवर डंप ठेवण्याचा विचार करणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देतो. तसे पार्टिशन उघडायला पासवर्ड लागतो आणि दुसऱ्या कर्नेलपुढे तो टाइप करायला कोणी बसलेले नसते. शिवाय डिस्क कूटबद्ध करण्याच्या नव्या लुक्स पद्धतीत कुलूप उघडण्यासाठीच भरपूर मेमरी खर्च होते, राखीव तुकडा तेवढ्याला पुरत नाही आणि डंप सुरू होण्याआधीच संपतो.

शेवटी मी सर्व्हरमध्ये एक वेगळी साधी डिस्क बसवली. मुख्य डिस्क ज्या रेड कार्डावर (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डावर) आहेत त्यावर ही नाही. मदरबोर्डवरच्या साध्या साटा पोर्टला ती जोडली आहे. तिच्यावर १०० जीबीचे एक्सएफएस पार्टिशन करून ते /डंप या नावाने माउंट केले. सर्व्हरची मेमरी ६४ जीबी आहे, त्यामुळे कधी काही न गाळता संपूर्ण मेमरी उतरवायची वेळ आली तरी एक पूर्ण डंप तिथे मावतो. केडंप.कॉन्फमध्ये पार्टिशन त्याच्या यूयूआयडीने (न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने) लिहिले, कारण एसडीए, एसडीबी ही नावे दुसऱ्या कर्नेलमध्ये त्याच क्रमाने येतील याची खात्री नसते.

आणि इथेच मी दुसरी चूक केली. पार्टिशन लिहून झाल्यावर खाली 'पाथ' या शब्दापुढे मी /डंप/क्रॅश असा पूर्ण मार्ग लिहिला, जसा तो मला रोज दिसतो तसा. चाचणी घेतली, शंभर टक्के झाले, यंत्र रीबूट झाले आणि /डंप/क्रॅश हे फोल्डर रिकामे! बराच वेळ शोधल्यावर डंप /डंप/डंप/क्रॅशमध्ये सापडला. पार्टिशन स्वतंत्रपणे नेमून दिले की 'पाथ' त्या पार्टिशनच्या मुळापासून मोजला जातो. आपण ते कुठे माउंट केले आहे याच्याशी दुसऱ्या कर्नेलला काही देणेघेणे नसते. /व्हार हे वेगळे पार्टिशन असलेल्यांचे डंप याच कारणाने /व्हार/व्हार/क्रॅशमध्ये जाऊन बसतात. मी 'पाथ' दुरुस्त करून नुसते /क्रॅश केले.

जागेइतकाच आकाराचाही विचार करावा लागतो. मेकडंपफाइल हा प्रोग्रॅम मेमरीतील अनावश्यक पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे छोटे तुकडे) गाळून उरलेली दाबून ठेवतो. काय गाळायचे हे एका आकड्याने सांगायचे असते: शून्यांनी भरलेली पाने १, फाइलींच्या कॅशेची पाने २, त्याच कॅशेतील खासगी पाने ४, वापरकर्त्यांच्या प्रोग्रॅमची पाने ८ आणि मोकळी पाने १६. जे गाळायचे त्यांची बेरीज करायची. सगळेच गाळायचे तर ३१, आणि बहुतेक ठिकाणी तोच आकडा आधीपासून लिहिलेला असतो. माझा ६४ जीबीचा ऐवज ३१ च्या चाळणीतून गेल्यावर तीन जीबीच्या आत येतो. कर्नेलमधील दोष शोधायला एवढे बहुतेक वेळा पुरते.

या चाळणीचे दुसरे महत्त्व मला अधिक वाटते. मेमरीत कामगारांचे पगार, बँक खात्यांचे क्रमांक, पासवर्ड असे सगळे काही असते. प्रोग्रॅमची आणि कॅशेची पाने गाळली की त्यातील बराचसा भाग डंपात येत नाही, तरीही कर्नेलच्या स्वतःच्या पानांत किल्ल्या आणि नेटवर्कवरून जाणाऱ्या मजकुराचे तुकडे राहू शकतात. म्हणून /डंप हे फोल्डर रूट या मुख्य प्रशासक खात्याखेरीज कोणालाही वाचता येणार नाही असे मी ठेवले आहे आणि डंप कोणाला पाठवायचा असेल तर मालकांना आधी विचारतो.

राखीव मेमरीविषयी थोडक्यात. क्रॅशकर्नेल हा शब्द बूटच्या ओळीत आकारासह लिहावा लागतो आणि तो बदलल्यावर यंत्र एकदा रीबूट केल्याशिवाय लागू होत नाही. आमच्या आवृत्तीत 'ऑटो' असे लिहून भागते. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीपासून ती सोय काढून टाकली आहे आणि नेहमीच्या इंटेल-एएमडी यंत्रांसाठी एक ते चार जीबी मेमरीला १९२ एमबी, चार ते चौसष्टला २५६ एमबी आणि त्यापुढे ५१२ एमबी असे कोष्टक दिले आहे. केडंपसीटीएल एस्टिमेट ही कमांड आपल्या यंत्राला किती लागेल याचा अंदाज सांगते.

ठरलेली जागा ऐन वेळी मिळालीच नाही तर काय करायचे, हेही आधीच सांगून ठेवता येते. 'फेल्युअर अॅक्शन' या ओळीत मी 'डंप टू रूटएफएस' लिहिले आहे, म्हणजे नवी डिस्क सापडली नाही तर डंप मुख्य डिस्कवर उतरेल आणि मग रीबूट होईल. त्यासाठी मुख्य पार्टिशनवर दहा जीबी नेहमी मोकळे राहतील एवढी काळजी घेतो. जुने डंप केडंप आपणहून पुसत नाही, म्हणून रोज पहाटे एक स्क्रिप्ट नवा डंप आला आहे का ते पाहते, आला असल्यास त्याची प्रत नव्या पेठेतील कार्यालयाच्या संगणकावर पाठवते आणि शेवटचे दोन सोडून बाकीचे काढून टाकते. यंत्राबाहेर प्रत असावी ही माझी मूळ इच्छा अशा रीतीने पूर्ण झाली, फक्त ते काम आता धडधाकट कर्नेल करतो.

हे सगळे कागदावर कितीही बरोबर दिसले तरी यंत्र मुद्दाम पाडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी डेटाबेस बंद केला, सिंक चालवले, /सिस/कर्नेल/केएक्सेक_क्रॅश_लोडेड या फाइलमध्ये १ आहे याची खात्री केली आणि /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये 'सी' हे अक्षर लिहिले. हे अक्षर लिहिताच कर्नेल तत्क्षणी कोसळतो, तेव्हा चालू कामाच्या वेळी ते चुकूनही करू नये. माग बंद असल्यामुळे शेडमध्ये कधी नव्हे ती शांतता होती. पडदा क्षणभर काळा झाला, पंखे एकदम जोरात फिरले, मग दुसऱ्या कर्नेलच्या ओळी सरसर वर जाऊ लागल्या आणि 'कॉपीइंग डेटा' या शब्दांपुढे टक्के वाढू लागले. घड्याळ लावून मोजले: टक्के संपायला तीन मिनिटे आणि चाळीस सेकंद. यूपीएसची बॅटरी याच्या कितीतरी पट टिकते, हे त्या वेळी पहिल्यांदा ताडून पाहिले.

त्याच दिवशी सर्व्हरच्या कपाटावर मी एक कागद चिकटवला: "पडद्यावर टक्के वाढत असतील तर बटणाला हात लावू नये. दहा मिनिटे थांबून फोन करावा." आमच्याकडचे अनेक कामगार घरी तेलुगू बोलतात, म्हणून त्याखाली अण्णांनी तोच मजकूर स्वतःच्या हाताने तेलुगूत लिहिला.

मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, सर्व्हर तिसऱ्यांदा कोसळला. अण्णांनी फोन केला तो टक्के शंभरावर गेल्यानंतर. या वेळी /डंप/क्रॅशमध्ये १२७.०.०.१ आणि पुढे तारीख-वेळ अशा नावाचे फोल्डर होते आणि त्यात पूर्ण डंप होता. त्याच आवृत्तीच्या कर्नेलचे डीबगइन्फो पॅकेज (डंपातील पत्त्यांचा अर्थ लावायला लागणारी माहिती) घेऊन डंप वाचणाऱ्या क्रॅश या प्रोग्रॅममध्ये तो उघडला. आवृत्ती तंतोतंत तीच लागते, एका आकड्याचाही फरक चालत नाही. बिघडलेला दुवा ज्या मेमरीत होता ती पाहिली तर तो तुकडा सीरियल कार्डाच्या ड्रायव्हरने एकदा मोकळा करून परत दिलेला होता आणि तरीही त्यात लिहिणे चालूच ठेवले होते. बॅकट्रेस (कोसळण्याआधी कोणती फंक्शन्स चालू होती त्यांची यादी) आणि त्या तुकड्यातील मोजणीचे आकडे सोबत जोडून पुरवठादाराला पत्र लिहिले. त्यांनी आधी आमच्या विजेवर खापर फोडले, पण डंपातील पत्ते दाखवल्यावर दुरुस्त ड्रायव्हर पाठवला. तेव्हापासून सर्व्हर पडलेला नाही.

यंदा संक्रांतीच्या दिवसांत, गड्ड्याच्या यात्रेसाठी कारखाना बंद असताना, मी पुन्हा तीच चाचणी घेतली, कारण मधल्या काळात कर्नेलची आवृत्ती दोनदा बदलली होती. बाहेर नंदीध्वजांच्या मिरवणुकीची गर्दी असल्यामुळे एमआयडीसीत पोहोचायला वेळ लागला. डंप ठरल्या जागी आला, वेळ पूर्वीपेक्षा दहा सेकंदांनी जास्त लागली. कपाटावरच्या कागदाच्या तळाशी ती तारीख आणि वेळ लिहून ठेवली आहे.